टॅब्लेटवरचे चार्ट: घरातून निघण्यापासून पार्किंगपर्यंत

२४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअरलाइन्सचे एक डीसी-८ सांताक्रूझला उतरायचे ते जुहूच्या धावपट्टीवर उतरले आणि धावपट्टी संपल्यावरही पुढे गेले. त्याआधी १९५३ मध्ये बीओएसी या ब्रिटिश कंपनीचे कॉमेट विमान असेच चुकून जुहूला टेकले होते. दोन्ही विमानतळ एकमेकांपासून काही किलोमीटरवर, धावपट्ट्यांची दिशाही जवळजवळ सारखी. दोन्ही वेळा कॉकपिटमध्ये कागदी चार्ट, म्हणजे वैमानिकांचे नकाशे, होतेच, पण आपण त्या कागदावर नेमके कुठे आहोत हे कागद सांगू शकत नव्हता.

आज टॅब्लेटवर आपले छोटेसे विमान नकाशावर सरकताना दिसते, त्यामुळे नव्या मुलांना वाटते की हा प्रश्न कायमचा सुटला. एअरलाइनमध्ये नुकताच रुजू झालेला को-पायलट असो किंवा चार्टर कंपनीत बिझनेस जेट उडवणारा कॅप्टन, बहुतेकांना अ‍ॅप कसे वापरायचे ते अर्ध्या तासात समजते. ते कधी वापरायचे हे समजायला मात्र वर्षे जातात. माझे मत सरळ आहे: चार्टच्या अ‍ॅपचे नव्वद टक्के काम जमिनीवर व्हायला हवे, हवेत फक्त नजर टाकायची. खालच्या सगळ्या पायऱ्या त्याच क्रमाने लिहिल्या आहेत.

स्क्रीनवर दिसते ते काय आहे

एलरे जेपसन हा अमेरिकेतला टपाल वाहणारा वैमानिक. त्याने दहा सेंटची एक वही घेतली आणि तीत मैदानांचे उतार, अडथळे, दिवे टिपायला सुरुवात केली. १९३४ पासून तो त्या टिपणांच्या प्रती दहा डॉलरला विकू लागला. त्याच्या नावाचे फ्लाइटडेक प्रो आज जगभरच्या कॉकपिटमध्ये आहे. त्याच्या जोडीला लुफ्तांझा सिस्टिम्सचे लिडो एमपायलट, एअरबसच्या नॅव्हब्लूचे चार्ट्स प्लस, आणि कॉर्पोरेट व खासगी उड्डाणांत लोकप्रिय असलेले फोरफ्लाइट. बटणे वेगळी असली तरी या सगळ्यांत दोन प्रकारची चित्रे असतात, आणि हा फरक आधी डोक्यात बसायला हवा.

एन-रूट, म्हणजे दोन विमानतळांमधल्या वाटेचा, नकाशा डेटातून त्या क्षणी काढला जातो. झूम आउट केले की गर्दी टाळण्यासाठी सॉफ्टवेअर काही वेपॉइंट (वाटेवरचे ठरलेले बिंदू), काही एअरवेची (हवाई मार्गांची) नावे लपवते. म्हणजे स्क्रीनवर एखादी गोष्ट दिसत नाही याचा अर्थ ती नाही, असा होत नाही. टर्मिनल चार्ट, म्हणजे सिड (निघण्याचा ठरलेला मार्ग), स्टार (येण्याचा ठरलेला मार्ग), अप्रोच (धावपट्टीकडे उतरण्याचा शेवटचा टप्पा), विमानतळाचा नकाशा, हे मात्र ठरीव पान असते. इथे आपोआप काही लपत नाही, पण तुम्ही दोन बोटांनी मोठे केले की कडेच्या टिपा स्क्रीनबाहेर जातात, आणि त्या लपवणारे तुम्हीच असता.

उपकरण: आधी घरी तपासा

आयपॅड घेताना फक्त वाय-फायवाला घेऊ नका. त्यात जीपीएस नसते, सिमची सोय असलेल्या मॉडेलमध्ये असते. सिम घातले नाही तरी चालते. विमानांच्या पुढच्या तापवलेल्या काचांवरच्या धातूच्या लेपामुळे काही कॉकपिटमध्ये सिग्नल क्षीण होतो, त्यासाठी ब्लूटूथवरचा वेगळा रिसीव्हर लागू शकतो. तो कंपनीने मंजूर केलेला असावा, ऑनलाइन दिसला म्हणून घेतलेला नको.

ॲपल स्वतः आयपॅडसाठी ० ते ३५ अंश सेल्सिअस ही वापराची मर्यादा सांगते. मे महिन्यात नागपूरच्या एप्रनवर (विमाने उभी करायच्या जागेवर), एपीयू (जमिनीवर वीज आणि एसी पुरवणारे छोटे इंजिन) बंद, ऊन थेट काचेखालच्या ग्लेअरशील्डवर, अशा स्थितीत टॅब्लेट किती वेळात तापमानाचा इशारा देऊन काळा पडतो, हे ज्याने पाहिले त्याला सांगावे लागत नाही. उपाय साधा: टर्नअराउंडमध्ये, म्हणजे दोन उड्डाणांमधल्या थांब्यात, टॅब्लेट माउंटवर उन्हात ठेवू नका, सावलीत उलटा ठेवा, जाड कव्हर काढा, चार्जिंग तेवढ्यापुरते थांबवा. तापलेला टॅब्लेट एसीच्या थंड झोतासमोर धरायचा मोह आवरा, आत दव धरू शकते.

पोलराइज्ड गॉगल घालून टॅब्लेट उभा-आडवा करून पाहा. एका दिशेत स्क्रीन काळी दिसली तर गॉगल बदला. कॉकपिटमध्ये तसेही पोलराइज्ड गॉगल नकोतच, इतर डिस्प्लेंवरही तोच त्रास होतो.

ऑटो-लॉक बंद, नोटिफिकेशन बंद. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचे 'शुभ सकाळ' मिनिमाच्या (उतरण्यासाठी लागणारी किमान उंची आणि दृश्यमानता) ओळीवर येऊन बसायला नको. आणि आयओएसचा नवा अपडेट आला म्हणून लगेच घेऊ नका. कंपनीचा ईएफबी विभाग हिरवा कंदील दाखवेपर्यंत थांबा. ईएफबी म्हणजे इलेक्ट्रॉनिक फ्लाइट बॅग. ही मंजुरी उपकरण, माउंट, सॉफ्टवेअर आणि प्रशिक्षण या सगळ्यांची मिळून असते. अमेरिकेच्या आणि युरोपच्या नियमांत चार्ट दाखवणारी अ‍ॅप्स 'टाइप बी' गटात येतात, म्हणजे ती बिघडली तर सुरक्षिततेवर थोडा का होईना परिणाम होतो असे गृहीत धरलेले आहे. भारतात डीजीसीए या हवाई वाहतूक नियामकाच्या मंजुरीनुसार तुमच्या ऑपरेशन्स मॅन्युअलमध्ये जे लिहिले आहे, तेच अखेरचे. किमान बॅटरी किती, टेकऑफच्या वेळी टॅब्लेट कुठे अडकवायचा, सुटा टॅब्लेट मांडीवर चालेल का, ही उत्तरे तिथे शोधा, सिनियरच्या तोंडी नाही.

डेटा: गुरुवार, पहाटे साडेपाच

जगभरच्या हवाई माहितीत होणारे मोठे बदल एअरॅक नावाच्या २८ दिवसांच्या चक्राने लागू होतात, नेहमी गुरुवारी. २०२६ चे पहिले चक्र, २६०१, हे २२ जानेवारीला सुरू झाले, दुसरे १९ फेब्रुवारीला. वर्षात सहसा १३ चक्रे बसतात, २०२० मध्ये १४ बसली होती. चक्र बदलते यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) ००:०० ला, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाचला.

हा साडेपाचचा आकडा विसरू नका. गुरुवारी पहाटे साडेचारला मुंबईहून नागपूरला निघालात तर टेकऑफ जुन्या चक्रात, लँडिंग नव्या चक्रात. म्हणून नवे चक्र दोन-तीन दिवस आधीच उतरवून ठेवा. बहुतेक अ‍ॅप्स पुढचे चक्र आधी घेऊ देतात आणि वेळ झाली की आपोआप बदलतात. मात्र तुमचे अ‍ॅप नेमके तसेच करते ना, हे एकदा शांतपणे पाहून ठेवा. शिवाय प्रत्येक चार्टच्या माथ्यावर तो केव्हा काढला ती तारीख असते, आणि लागू होण्याची तारीख वेगळी असेल तर तीही छापलेली असते. अ‍ॅप 'अपडेटेड' म्हणते तेव्हाही ती तारीख वाचायची.

डाउनलोड घरच्या वाय-फायवर करा. हॉटेलचे वाय-फाय खोली क्रमांक आणि आडनाव मागते, मधेच तोडते, आणि स्क्रीन बंद झाली की मोठे डाउनलोड अर्ध्यावर थांबू शकते. सकाळी गाडी खाली उभी, आणि प्रोग्रेस बार ६० टक्क्यांवर. माझ्यासकट बहुतेकांनी हे एकदा भोगलेले आहे.

डाउनलोड झाल्यावर पुढची चाचणी करा, दोन मिनिटे लागतात:

१. एअरप्लेन मोड लावा. आजच्या आयपॅडवर त्याने जीपीएस बंद होत नाही, फक्त नेटवर्क बंद होते.
२. अ‍ॅप पूर्ण बंद करून पुन्हा उघडा.
३. गंतव्य, दोन्ही पर्यायी विमानतळ आणि वाटेतला एक विमानतळ, प्रत्येकाचा एकेक अप्रोच चार्ट उघडून पाहा.

चार्ट उघडला तर तो खरोखर टॅब्लेटमध्ये आहे. यादीत नाव दिसणे पुरेसे नाही.

अ‍ॅप पुन्हा बसवणेही एकदा घरी करून पाहा. एप्रिल २०१५ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सची डझनावारी उड्डाणे आयपॅडमुळे रखडली. ही तीच कंपनी जिने २०१३ मध्ये आपल्या वैमानिकांच्या सुमारे १६ किलोच्या कागदी बॅगा हद्दपार केल्या होत्या. वॉशिंग्टनच्या रेगन विमानतळाचा एक चार्ट डेटाबेसमध्ये दोनदा आला होता आणि अ‍ॅप ते पचवू शकले नाही. उपाय एवढाच होता की अ‍ॅप काढा, पुन्हा टाका. पण त्यासाठी काही विमानांना वाय-फायसाठी गेटवर परतावे लागले. यातून एक सवय लागू द्या: दोन्ही वैमानिकांनी एकाच वेळी अपडेट घेऊ नये. एकाचा व्यवस्थित चालला की दुसऱ्याने.

फ्लाइट उभी करा: मुंबई–नागपूर

मार्ग ऑपरेशनल फ्लाइट प्लॅनमधूनच घ्या, कालच्या फ्लाइटवरून नाही. शोधताना शहराचे नाव टाइप करू नका, चार अक्षरी आयसीएओ कोड टाका. 'मुंबई' टाकलेत तर सांताक्रूझ, जुहू आणि डिसेंबर २०२५ पासून प्रवासी वाहतूक सुरू झालेले नवी मुंबई, असे तीन समोर येऊ शकतात. सांताक्रूझचा व्हीएबीबी टाकलेत तर एकच येतो. गोव्यात तर एका अक्षराचा खेळ आहे: दाभोळी व्हीओजीओ, मोपा व्हीओजीए. घाईत बोट चुकायला एवढे पुरते.

मुंबई–नागपूरमध्ये आणखी एक सापळा आहे. मुंबईची दुसरी धावपट्टी १४/३२ (हे आकडे धावपट्टीच्या दोन टोकांच्या दिशा सांगतात), आणि नागपूरची एकमेव धावपट्टीही १४/३२. चार्टवर '३२' दिसले म्हणून समाधान मानू नका, माथ्यावरचे विमानतळाचे नाव वाचा.

आता चार्ट वापराच्या क्रमाने लावा. प्रत्येक अ‍ॅपमध्ये निवडक चार्ट एका पट्टीत किंवा फोल्डरमध्ये ठेवायची सोय असते, फोरफ्लाइटमध्ये बाइंडर म्हणतात. माझा क्रम असा: निघतानाचा विमानतळ नकाशा, सिड, परत फिरावे लागले तर मुंबईचा अप्रोच, मग नागपूरचा स्टार, अपेक्षित अप्रोच, विरुद्ध दिशेचा अप्रोच, नागपूरचा विमानतळ नकाशा, आणि शेवटी पर्यायी विमानतळाचेही असेच चार्ट. 'परत फिरावे लागले तर' हा चार्ट बहुतेक जण विसरतात. टेकऑफनंतर दोन मिनिटांत इंजिन बिघडले तर तोच लागणार आहे, आणि त्या वेळी यादीत शोधायला हात मोकळा नसतो.

जेपसनच्या चार्टचे क्रमांक पाठ असले की शोध निम्म्यावर येतो. १०-९ म्हणजे विमानतळाचा नकाशा, १०-२ च्या मालिकेत येणारे मार्ग, १०-३ मध्ये निघणारे, १०-१पी म्हणजे विमानतळाविषयीच्या लेखी सूचना. ११ ने सुरू होणारे आयएलएस (रेडिओ सिग्नलवर धावपट्टीपर्यंत नेणारी यंत्रणा), १२ चे जीपीएसवर आधारलेले, १३ चे व्हीओआर (जमिनीवरचे रेडिओ केंद्र). एकाच शहरात दुसरा विमानतळ असेल तर त्याचा पहिला आकडा २ होतो. लिडोची पद्धत वेगळी आहे, तिथे ही गणिते लावू नका. १०-१पी कुणी वाचत नाही, आणि टॅक्सीच्या स्थानिक अटी, आवाजाचे निर्बंध, पक्ष्यांचा त्रास नेमके तिथेच लिहिलेले असते.

चार्टर आणि कॉर्पोरेट वैमानिकांसाठी थोडे अधिक. एअरलाइनच्या मागे उड्डाणाची आखणी करणारा डिस्पॅचर असतो, तुमच्या मागे सहसा फक्त प्रवाशाचा सेक्रेटरी, ज्याला 'साहेब आधी लातूरला जातील' एवढेच माहीत असते. ऐनवेळी गंतव्य बदलेल हे गृहीत धरून संपूर्ण भारताचे पॅकेज उतरवून ठेवा, केवळ मार्गावरचे नाही. आणि जिल्ह्याच्या ठिकाणच्या ज्या धावपट्टीसाठी इन्स्ट्रुमेंट अप्रोच, म्हणजे उपकरणांवर उतरण्याची तपासलेली वाट, प्रसिद्धच झालेला नाही, तिच्यासाठी अ‍ॅपमध्येही अप्रोच चार्ट सापडणार नाही. तेव्हा नकाशावर स्वतःची सरळ रेषा ओढून, जीपीएसच्या भरवशावर ढगातून खाली यायची कल्पनासुद्धा करू नका. अ‍ॅपमध्ये रेषा ओढता येते, याचा अर्थ त्या रेषेखालच्या टेकड्या आणि टॉवर कुणी तपासले आहेत असा नाही.

नोटॅम: चार्टला जे माहीत नाही ते

चार्ट चक्राच्या दिवशी खरा असतो, नोटॅम, म्हणजे वैमानिकांसाठीची ताजी सूचना, आज खरा असतो. दोघांत फरक असेल तर नोटॅम. मुंबईत ०९/२७ आणि १४/३२ एकमेकींना छेदतात, त्यामुळे पावसाळ्याआधी आणि नंतर देखभालीसाठी दोन्ही धावपट्ट्या काही तास एकदम बंद ठेवतात. चार्टवर त्याचा मागमूस नसतो. बंद टॅक्सीवे, बंद पडलेला ग्लाइडस्लोप (उतरण्याचा कोन दाखवणारा सिग्नल), अप्रोचचे विझलेले दिवे, हे सगळे अ‍ॅपच्या पेनने लाल रंगात चार्टवरच काढा.

दिव्यांचे विशेष लक्षात ठेवा. जेपसनच्या मिनिमाच्या चौकटीत अप्रोच लाइट नसताना वापरायचा वेगळा स्तंभ असतो. नोटॅममध्ये दिवे बंद असतील तर त्याच स्तंभाभोवती गोल करा. नाहीतर सवयीने ५५० मीटर आरव्हीआर (धावपट्टीवरची दृश्यमानता) वाचाल, आणि तो आकडा त्या दिवशी तुमचा नसेल. कंपनीने ठरवलेले मिनिमा चार्टपेक्षा जास्त असतील तर जास्त असलेला आकडा धरायचा, तोही तिथेच लिहा.

कॉकपिटमध्ये: दोन यंत्रांची साक्ष जुळवा

टॅब्लेटवरचा चार्ट आणि एफएमएसमधला (विमानाचा मार्ग सांभाळणाऱ्या संगणकातला) डेटाबेस हे दोन वेगळे स्रोत आहेत, बहुधा दोन वेगळ्या टेबलांवर तयार झालेले. दोघांची चक्र-तारीख आधी जुळवा. मग चार्टवरचा एकेक वेपॉइंट, उंची आणि वेगाची मर्यादा एफएमएसच्या पानाशी ताडून पाहा, एकाने वाचायचे, दुसऱ्याने बोट ठेवायचे.

हे कंटाळवाणे वाटले तर काली शहराजवळच्या अपघाताची आठवण काढा. २० डिसेंबर १९९५, कोलंबिया, अमेरिकन एअरलाइन्सचे बोइंग ७५७. चार्टवर रोझो नावाच्या रेडिओ बीकनचा संकेत 'आर' होता. वैमानिकाने एफएमएसमध्ये 'आर' टाकले, पण त्या डेटाबेसमध्ये 'आर' म्हणजे बोगोटाजवळचे रोमिओ, रोझो पूर्ण नावाने साठवलेले होते. विमान डावीकडे वळले, डोंगराच्या दिशेने. १५९ माणसे गेली. अपघाताला इतरही कारणे होती, पण चार्ट आणि डेटाबेस एकच भाषा बोलत नव्हते, हे त्यातले मोठे.

ब्रीफिंगला दोघांनी आपापल्या टॅब्लेटवरून चार्टचा क्रमांक आणि तारीख मोठ्याने म्हणायची. "सर, नागपूर, अकरा-एक, तारीख अमुक." कॅप्टन स्वतःच्या स्क्रीनवर पाहून "चेक्ड" म्हणतो. कॅप्टनच्याच टॅब्लेटकडे वाकून पाहिलेत तर तपासणी झालीच नाही, एकच चूक दोघांनी पाहिली.

टॅक्सी आणि हवेतली विमानखूण

विमानतळाच्या नकाशावर आपली खूण सरकताना पाहणे मोहक असते. रात्री, पावसात, अनोळखी विमानतळावर ती खरोखर मदत करते. पण टॅक्सी करणाऱ्याची नजर बाहेर, पाटीवर आणि पिवळ्या रेषेवर, नकाशा दुसरा पाहील. होल्डिंग पॉइंटचा (धावपट्टीआधी थांबायच्या जागेचा) निर्णय त्या खुणेवरून कधीच घ्यायचा नाही, ती काही मीटर सहज चुकते.

हवेत ती काही किलोमीटरही चुकू शकते, कारण जीपीएसला खोटे सिग्नल देणारे लोक आहेत. पश्चिम आशियातून जाणाऱ्या मार्गांवरील अशा प्रकारांबद्दल डीजीसीएने नोव्हेंबर २०२३ मध्ये सूचना काढली. दुबई-मस्कतच्या बाजूने येणाऱ्या उड्डाणांना हे नवीन नाही. टॅब्लेटवरची खूण उडी मारू लागली किंवा विमानाच्या नॅव्हिगेशन डिस्प्लेशी जुळेना, तर खूण बंद करा आणि चार्ट कागदासारखा वाचा. मांडीवरचा टॅब्लेट हे नॅव्हिगेशनचे साधन म्हणून प्रमाणित नाही.

क्रूझ आणि उतरण्याची तयारी

क्रूझमध्ये करण्यासारखे फार नाही. दर अर्ध्या तासाने जवळचा विमानतळ कोणता ते पाहा, त्याचा चार्ट पट्टीत टाका, बॅटरीकडे नजर टाका.

अप्रोच ब्रीफिंग खाली यायला सुरुवात करण्याआधी, पूर्ण पान स्क्रीनवर ठेवून, वरून खाली: फ्रिक्वेन्सी आणि अंतिम दिशा, मिस्ड अप्रोचचा (उतरता आले नाही तर पुन्हा वर जाण्याचा) मजकूर, वरून दिसणारे चित्र, बाजूने दिसणारे चित्र, मिनिमा. मिनिमामध्ये आपल्या विमानाचा वर्ग धरा. अप्रोचचा वेग १२१ ते १४० नॉट्स असेल तर सी, बहुतेक ए-३२० इथेच येतात. पान वाचून झाले की मगच झूम, आणि झूम करताना मिस्ड अप्रोचची पहिली उंची व दिशा स्क्रीनबाहेर जाणार नाही एवढेच. चार्ट जागेवर लॉक करता येत असेल तर करा, टर्ब्युलन्समध्ये मनगट लागून पान सरकते. रात्री गडद रंगसंगती लावा, पण ती ब्रीफिंगच्या आधी लावा. रंग बदलल्यावर पेनने काढलेल्या खुणा दिसतात का, ते पाहायला वेळ हवा.

टॅब्लेट गेला तर

एक गेला: दुसऱ्याचा टॅब्लेट दोघांना दिसेल असा ठेवा, आणि चार्ट बदलण्याआधी सांगा. दोन्ही गेले: एफएमएसमध्ये मार्ग आणि उंच्या आहेत, मिनिमा नाहीत. आयएलएसची फ्रिक्वेन्सी, अंतिम दिशा, मिस्ड अप्रोच कंट्रोलरला विचारा, यात कमीपणा नाही. कंपनीला एसीएआरएस या विमानातल्या संदेश यंत्रणेवर मिनिमा विचारता येतात. म्हणूनच मी ब्रीफिंगच्या वेळी चार आकडे पेन्सिलने फ्लाइट प्लॅनच्या कागदावर लिहितो: फ्रिक्वेन्सी, दिशा, मिनिमा, मिस्ड अप्रोचची उंची. जुन्या सवयीचे म्हणून तरुण मंडळी हसतात, हसू द्या.

टॅब्लेट फुगलेला, वास येणारा किंवा नेहमीपेक्षा फार गरम वाटला तर तो चार्टचा नाही, लिथियमच्या आगीचा प्रश्न आहे. चार्जर काढा आणि धुराची चेकलिस्ट घ्या. सीटच्या फटीत पडलेला टॅब्लेट असेल तर सीट हलवू नका, चिरडलेली बॅटरी पेटते.

पार्किंगनंतर

लाल पेनने काढलेले सगळे पुसा. परवा कुणी तोच चार्ट उघडेल, बहुधा तुम्हीच, आणि संपलेल्या नोटॅमची खूण खरी वाटेल. टॅब्लेट चार्जला लावा.

चार्टमध्ये चूक दिसली, म्हणजे टॅक्सीवेचे अक्षर बदलले आहे, नवी इमारत उभी आहे पण नकाशात नाही, तर स्क्रीनशॉट घेऊन कंपनीच्या ईएफबी विभागाला आणि चार्ट बनवणाऱ्यांना कळवा. चार्टचा मूळ स्रोत एअरपोर्ट्स अथॉरिटीने प्रसिद्ध केलेली एआयपी, म्हणजे अधिकृत हवाई माहितीपुस्तिका, असते. ती नेटवर सर्वांना पाहता येते, त्यामुळे चूक मुळात आहे की नकाशा काढताना झाली, हे पत्र लिहिण्याआधीच तपासून घ्या. तारीख, चार्ट क्रमांक आणि चक्र लिहिलेले असेल तर त्यांना पुन्हा विचारावे लागत नाही.